चाकवाला ते खासदार : कॅप्टन रॉबर्ट स्मॉल्स

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कमिटीच्या पोरांनी आम्हाला सांगितले, काका, दोन शब्द बोला. आम्ही काही प्राध्यापक नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकड्यावर. तरी आज आम्ही एका दर्यावर्दी माणसाची आठवण करणार आहोत. तो आपल्या देशाचा नाही, आपल्या भाषेचा नाही, आपल्या धम्माचाही नाही. पण घरी जाताना तो तुम्हाला परका वाटणार नाही, एवढे आम्ही खात्रीने सांगतो.

त्याचे नाव रॉबर्ट स्मॉल्स. जन्म ५ एप्रिल १८३९. अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायना राज्यात समुद्रकाठी ब्यूफर्ट नावाचे गाव आहे. तिथे मालकाच्या वाड्यामागच्या झोपडीत तो जन्मला. आई लिडिया, मालकाच्या घरातली गुलाम. त्या किनाऱ्याच्या बेटांवर लांब धाग्याचा कापूस पिकायचा, जगात नावाजलेला. आमचे तरुणपण गिरणीत गेले, लांब धाग्याची किंमत आम्हाला कळते. पण तो कापूस वेचणाऱ्या हातांची किंमत बाजारात वेगळी ठरायची, माणूस म्हणून नव्हे, गुरासारखी.

रॉबर्ट मालकाचा लाडका होता. आईला त्याचीच भीती वाटली. लाडामुळे पोरगा आपण कोण आहोत हे विसरेल! म्हणून, असे सांगतात, ती त्याला मुद्दाम शेतावर पाठवी आणि गुलामांना फटके मारतात ते बघायला लावी. माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण पोराला कोणता धडा आधी शिकवायचा ते तिला बरोबर कळले होते.

बारा वर्षांचा झाल्यावर त्याला चार्ल्स्टन बंदरात कामाला लावले. हॉटेलात राबला, रस्त्यावरचे दिवे लावले, गोदीत ओझी उचलली, शिडे शिवली. घाम त्याचा, पगार मालकाचा. आठवड्याला फक्त एक डॉलर त्याच्या हातात पडायचा. १८५६ साली हॅना नावाच्या मुलीशी त्याने लग्न केले. तीही गुलाम, हॉटेलात काम करणारी. मुलगी झाली, एलिझाबेथ. आता बघा, गुलाम आईचे लेकरू आईच्या मालकाचे. म्हणजे बाप जिवंत, पण मुलीवर बापाचा हक्क नाही. उद्या मालकाने विकली तर विकली! रॉबर्टने बायको-मुलीला विकत घेण्याचा सौदा केला. किंमत आठशे डॉलर. त्याने पैपै करून शंभर जमवले. सातशे कुठून आणणार?

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्ये एका बाजूला, लिंकन यांचे सरकार दुसऱ्या बाजूला. सरकारी आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. कापूस बाहेर जाईना, विलायतेच्या गिरण्या अडल्या आणि त्यांनी हिंदुस्थानचा कापूस उचलला. त्या चार वर्षांत मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच दिवाळी वाजली. आपल्या मुंबईच्या कहाणीला असा तिकडच्या गुलामांच्या लढाईचा एक धागा आहे.

त्या वेळी रॉबर्ट 'प्लँटर' नावाच्या आगबोटीवर होता. मूळची कापूस वाहणारी बोट, दक्षिणेच्या फौजेने तोफा आणि दारूगोळा वाहायला घेतलेली. खाडीची प्रत्येक वळणे त्याला तोंडपाठ. हेच काम गोऱ्याने केले तर त्याला पायलट म्हणायचे. हा काळा, म्हणून नुसता चाकवाला! काम तेच, हुद्दा वेगळा. गिरणीत बदलीवर घासलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

१२ मे १८६२ च्या रात्री बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी हुकूम मोडून घरी झोपायला गेले. बोटीवर चार जादा तोफा चढवलेल्या होत्या. रॉबर्टने सोबत्यांशी आधीच ठरवले होते. पहाटे तीनच्या सुमाराला बोट हलली. पण ती सरळ समुद्राकडे गेली नाही. आधी दुसऱ्या धक्क्याला लागली, कारण तिथे बायका-मुले लपून वाट पाहत होती. बंधूंनो, इथे थोडे थांबा. एकटा पुरुष पोहूनसुद्धा पळाला असता. पण या लोकांनी बायका-मुलांसाठी बोट उलट दिशेने नेण्याचा धोका पत्करला. आणि हॅनाला काही फसवून आणले नव्हते. पकडलो गेलो तर काय होईल, हे तिने आधी विचारले होते. मरण, हे उत्तर ऐकूनच ती आली होती. बोट जिवंतपणी शत्रूच्या हाती द्यायची नाही, वेळ आली तर सगळ्यांनी मिळून बुडायचे, असे ठरले होते.

रॉबर्टने कॅप्टनचा कोट घातला, डोक्यावर त्याची गवती टोपी ठेवली, त्याच्यासारखा हात बांधून उभा राहिला. वाटेत चौक्या होत्या. प्रत्येक चौकीला भोंग्याची ठरलेली खूण द्यावी लागे. भोंगा म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे, आपले अर्धे आयुष्य भोंग्यावर चालले. त्या पहाटे फोर्ट सम्टरच्या तोफांखाली त्याने तो भोंगा वाजवला आणि चौकीने वाट दिली. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर झेंडा उतरवून पांढरी चादर वर चढवली. ती चादर हॅनाने बरोबर आणली होती. सरकारी जहाज तोफ डागणारच होते, तेवढ्यात चादर दिसली. आठ पुरुष, पाच बायका, तीन मुले, अशी सोळा माणसे सूर्योदयाला स्वतंत्र झाली. बरोबर तोफा होत्या, निशाणांच्या खुणांचे पुस्तक होते, आणि सुरुंग कुठे पेरलेत त्याची माहिती होती. रॉबर्टचे वय तेव्हा तेवीस.

ही झाली एका रात्रीची गोष्ट. पुस्तकात हीच छापतात. पण आम्ही जे सांगायला उभे आहोत ते पुढचे आहे. त्या रात्रीनंतर हा माणूस त्रेपन्न वर्षे जगला, आणि ही वर्षे त्याने कशी घालवली?

त्याच वर्षी तो वॉशिंग्टनला गेला आणि काळ्या माणसाला फौजेत घ्या म्हणून मंत्र्यापुढे बोलला. पाच हजारपर्यंत काळ्या माणसांची भरती करण्याचा हुकूम त्यानंतर निघाला. पुढे डिसेंबर १८६३ मध्ये तोफांचा मारा सुरू झाला तेव्हा 'प्लँटर'चा गोरा कॅप्टन कोळशाच्या खोलीत लपला, आणि रॉबर्टने बोट सुखरूप बाहेर काढली. मग त्यालाच कॅप्टन केले. चाकवाला कॅप्टन झाला.

पण कॅप्टनला वाचता येत नव्हते. साऊथ कॅरोलायनात १८३४ चा कायदाच होता, गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा. १८६४ मध्ये बोट दुरुस्तीला फिलाडेल्फियाला गेली, तेव्हा पंचविसाव्या वर्षी या लढवय्याने शिक्षक ठेवून धुळाक्षरे गिरवली. त्याच शहरात ट्राममध्ये गोऱ्यासाठी जागा सोड असे त्याला फर्मावले. तो उतरला आणि चालत गेला. त्यावर गवगवा झाला, लोक लढले, आणि १८६७ मध्ये त्या राज्यात ट्राममधला भेद कायद्याने बंद झाला.

आम्हाला इथे आमचीच एक गोष्ट आठवते. गिरणी बंद झाली तेव्हा हिशेबाचा इंग्रजी कागद पुढे आला. 'कर रे सही' म्हणाले, केली. त्यात काय लिहिले होते ते सहा महिन्यांनी एका शिकलेल्या पोराने वाचून सांगितले. तोवर वेळ गेली होती. रात्री अभ्यासिकेत दिवा जळतो तेव्हा आम्ही बिलाची कुरकुर का करत नाही, ते या कागदामुळे.

१८६८ साली त्याच्या राज्याची नवी घटना लिहायला लोक बसले. त्यात स्मॉल्स होता, आणि त्याचा आग्रह होता शाळेचा. सर्वांना मोफत, सरकारी शाळा. पुढे तो राज्याच्या विधिमंडळात गेला आणि १८७५ पासून पाच वेळा देशाच्या लोकसभेत, जिला तिकडे प्रतिनिधिगृह म्हणतात. ज्या वाड्यामागे जन्मला तोच वाडा कर थकल्यामुळे लिलावात निघाला, तो त्याने विकत घेतला. आईला त्या वाड्यात मालकीण म्हणून आणले. वाड्याच्या जुन्या धन्याने दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ मध्ये स्मॉल्स जिंकला. पुढे एकदा जुन्या मालकाची म्हातारी बायको, भ्रमिष्ट झालेली, हे आपलेच घर समजून दारात आली. त्याने तिला आत घेतले आणि सांभाळले, असे त्याच्या घरचे सांगत. सूड घ्यायची सगळी सोय असताना त्याने घेतला नाही. यालाच आपण करुणा म्हणतो.

एक गोष्ट लपवणार नाही. १८७७ मध्ये त्याच्यावर लाच घेतल्याचा खटला झाला, शिक्षाही झाली. तेव्हा राज्यात काळ्यांच्या विरोधातले लोक सत्तेवर आले होते. १८७९ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. खटला राजकारणाचा होता असे पुष्कळ इतिहासकार म्हणतात. पण त्याला डाग लागला तो लागलाच. सार्वजनिक काम करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की आपल्या माणसाचा हिशेब दुप्पट बारकाईने तपासला जातो.

सर्वांत कठीण प्रसंग १८९५ चा. राज्याची घटना पुन्हा लिहायला घेतली, ती काळ्यांचा मतदानाचा हक्क काढून घ्यायला. अट काय? लिहिता-वाचता आले पाहिजे, नाहीतर तीनशे डॉलरची मालमत्ता पाहिजे. ज्यांच्या बापजाद्यांना वाचायला बंदी होती त्यांनाच वाचायची परीक्षा! सभेत काळे प्रतिनिधी फक्त सहा. स्मॉल्स उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या लोकांना खास काही नको, बरोबरीची संधी द्या. ठराव हरला. त्याने त्या घटनेवर सही केली नाही. ती वाट पुन्हा मोकळी व्हायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. सत्तर वर्षे! एका रात्रीत धैर्याने मिळवलेले एका सहीने जाऊ शकते, हे विसरू नका.

तरी तो कुठे पळाला नाही. १८८९ पासून, मधली काही वर्षे सोडली तर, १९१३ पर्यंत ब्यूफर्ट बंदराचा कस्टम कलेक्टर म्हणून त्याने सरकारी नोकरी केली. ज्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून जन्मला, त्याच किनाऱ्याच्या बोटींचा कर तो गोळा करत होता. हॅना १८८३ साली गेली. बोटीवर चार वर्षांची असलेली एलिझाबेथ शिकली आणि वॉशिंग्टनमध्ये बापाचे लिहिण्याचे काम बघू लागली. आम्हाला विचाराल तर आठशे डॉलरच्या त्या सौद्याची खरी फेड ही होती.

फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्यूफर्टच्या त्याच घरी तो वारला. त्या वेळी त्याच देशात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब शिकत होते. दोघांची भेट नाही, ओळख नाही. पण काळ्यांच्या लढ्याशी आपला धागा बाबासाहेबांनी जाणला होता. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विद्वान नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या आरमाराने एका युद्धनौकेचे जुने नाव काढून तिला रॉबर्ट स्मॉल्सचे नाव दिले. जुने नाव होते गुलामगिरीवाल्यांनी जिंकलेल्या एका लढाईचे.

बंधू-भगिनींनो, आपल्यातला प्रत्येक जण काही तोफांखालून बोट नेणार नाही. पण बोट सुटण्याआधी दुसऱ्या धक्क्याला वळवून मागे राहिलेल्यांना घेणे, हे आपल्या हातात आहे. ज्याला नोकरी लागली, फ्लॅट मिळाला, त्याने एवढेच स्वतःला विचारावे की आपल्या धक्क्यावर अजून कोण वाट बघत उभे आहे.