वशिंडाचा मासा



शिवनसमुद्रचे धबधबे उतरून कावेरी जंगलात शिरते, तिथं तिचं रूप पालटतं. दोन्ही काठांना डोंगर, पात्रात घराएवढे खडक आणि त्या खडकांच्या फटींतून मुसंडी मारणारं पाणी. नव्वदच्या दशकात भीमेश्वरीच्या मुक्कामी मी पहिल्यांदा गळाची काठी घेऊन गेलो. नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा गळावर चढवायचा, तो प्रवाहात फेकायचा आणि दोर बोटांत धरून खडकावर बसून राहायचं. इथला दांडगा मासा म्हणजे महासीर. तो आमिष घेतो ते एका झटक्यात. रीळ किंचाळतं, बघता बघता शंभर मीटर दोर निघून जातो, आणि मासा थेट खडकांच्या कपारीकडे धावतो. दगडाच्या धारेवर दोर घासला की संपलं. पहिल्या तीन दिवसांत माझे चार दोर असेच तुटले.

चौथ्या दिवशी सांजवेळी एक मासा काठाला आला. नारिंगी पर, तळहाताएवढे खवले, आणि डोक्यामागून उठलेला उंचवटा, थेट बैलाच्या वशिंडासारखा. माझा वाटाड्या कमरेइतक्या पाण्यात उतरला. माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्यानं त्याला दोन्ही हातांनी अलगद धरून ठेवलं. माशाचे कल्ले नीट हलू लागले, शेपटीत जोर आला, तेव्हा त्यानं हात सैल केले. हाच माणूस तरुणपणी डोहात जिलेटिनच्या कांड्या फेकून मासे मारत असे. ते त्यानं मला स्वतः सांगितलं. आता मासा जिवंत राहण्यावर त्याच्या घरची चूल पेटत होती, आणि रात्री नदीवर पहाराही तोच देत होता.

पिसांची खोटी माशी दोराला बांधून ट्राउट धरणारे माझे मित्र काश्मीरला, हिमाचलला जातात. अवघड आणि देखणी विद्या आहे ती. पण ट्राउट तिथला पाहुणा आहे. साहेबानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अंडी आणून त्याला तिथल्या ओढ्यांत वाढवलं. वशिंडाचा हा महासीर मात्र फक्त कावेरीच्या खोऱ्यातला. जगात दुसरीकडे कुठंही नाही. कावेरीची उपनदी कबिनी, तिथं १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर गळानं धरला होता.

आता आपल्याकडे, महाराष्ट्रात येऊ, कारण या गोष्टीत आपला वाटा आहे. आपल्या दख्खनच्या नद्यांतला महासीर वेगळा, निळसर परांचा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, नाव ठेवलं खुद्री. धरणं झाली, नद्यांत घाण आली, हा मासा घटू लागला. तेव्हा मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्यामागून शशांक ओगले यांनी लोणावळ्याला वळवण तलावाकाठी, टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात, त्याचं कृत्रिम प्रजनन साधलं. पिकलेल्या मादीच्या पोटावरून हात फिरवून अंडी काढायची, नराचं बीज त्यांत मिसळायचं, वाहत्या स्वच्छ पाण्यात ती उबवायची. मोठं काम होतं ते. मला त्याचा अभिमान आहे. तिथली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, अनेक राज्यांत गेली. कर्नाटकातही गेली, आणि कावेरीत सोडली गेली.

हेतू चांगलाच होता. महासीर कमी झालाय ना, मग महासीर सोडा. पण कोणता महासीर, हे कुणी विचारलं नाही.

पुढं काय घडलं ते आपल्याला कळलं, कारण गळवाल्यांनी वह्या लिहिल्या होत्या. कावेरीकाठच्या गालीबोरेच्या मुक्कामी कुणी किती तास गळ टाकला, कोणता मासा आला, किती वजनाचा होता, हे रोज नोंदलं जाई. १९९८ ते २०१२ या काळातले २३,६२० तास आणि धरून सोडलेले ६,१६१ महासीर शास्त्रज्ञांनी तपासले. निळ्या परांचा मासा भरमसाट वाढलेला दिसला. वशिंडाचा कमी कमी होत गेला, आणि जे थोडे मिळत ते वर्षागणिक अधिक मोठे. वरवर पाहणाऱ्याला ही आनंदाची बातमी वाटेल. खरा अर्थ असा, की पिल्लं येतच नव्हती. उरली होती ती म्हातारी मंडळी.

या माशाला आपलं म्हणावं असं शास्त्रीय नावही नव्हतं. शिकारी साहेबांच्या पुस्तकांत शतकभर तो गाजला, तरी तो नेमका कोण हे २०१८ मध्ये ठरलं. केरळातल्या, पण कावेरीच्याच खोऱ्यातल्या पांबार नदीतून २००७ साली वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच. हे ठरवणाऱ्या अभ्यासकांत पुण्याच्या आयसरचे नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी संकटातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली.

सगळा दोष बाहेरून आलेल्या माशावर टाकणं बरोबर नाही. धरणं आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग आहेत. २०१२ पासून कावेरीकाठच्या त्या जंगलात, म्हणजे अभयारण्यात, गळ टाकणंही बंद झालं. कायद्याच्या दृष्टीनं ते असेल योग्य. पण गळवाले गेले, त्यांच्याबरोबर रात्रीचा पहारा गेला आणि रोजची वहीही मिटली. पहाऱ्याची दुसरी सोय न करता ती माणसं उठवली, ही चूक झाली असं माझं स्पष्ट मत आहे. आज निलगिरीच्या पायथ्याच्या मोयार नदीत हे मासे थोडे उरलेत. त्यांचंच बीज घेऊन, त्यांच्याच पाण्यात काम झालं तर हा मासा टिकेल.

महाडजवळ वाळण कोंडावर तुमच्यापैकी काहीजण गेले असतील. तिथले महासीर देवीचे, म्हणून कुणी धरत नाही. त्यांना चुरमुरे घालतात आणि हात जोडतात. असे राखीव डोह आपल्याकडे अजून आहेत. त्या गावांना माझं हात जोडून सांगणं आहे. कुणी प्रेमानं, अगदी पुण्यकर्म म्हणून, पिशवीत भरून मत्स्यबीज सोडायला आलं, तर त्याला आधी विचारा, हे कोणत्या नदीचं? उत्तर मिळालं नाही, तर ती पिशवी डोहात रिकामी होऊ देऊ नका.