शीतकपाटाची निगा

स्वयंपाकघरांतील शीतकपाट थंडी उत्पन्न करतें, असें आपण सहज बोलून जातों. वस्तुतः तें आंतील उष्णता उपसून बाहेर टाकतें, इतकेंच. विहिरीवर मोट चालावी, तसा हा प्रकार आहे. १८३४ सालीं जेकब पर्किन्स यानें इंग्लंडांत ज्या युक्तीचें पेटंट घेतलें, तीच आजच्या बहुतेक घरगुती यंत्रांत आहे. नळ्यांतील द्रव आंत उकळतो व उष्णता शोषतो. त्याची वाफ दाबून दुसऱ्या नळ्यांत नेली, कीं ती उष्णता बाहेर सोडून पुन्हा द्रवरूप होते.

एवढें तत्त्व ध्यानांत ठेवलें, म्हणजे निगेचे नियम आपोआप सुचतात. मोटेचा पाट तुंबला, तर बैलांचे श्रम फुकट जातात. कपाटाच्या पाठीमागील नळ्या हाच येथील पाट होय. त्यांवर धूळ सांचली, किंवा कपाट भिंतीस चिकटवून ठेवलें, तर उष्णतेस वाट मिळत नाहीं व विजेचें बिल वाढतें. म्हणून मागें पुरेशी जागा सोडावी. आणि वर्षांतून दोनदां, विजेचा प्लग काढून, मऊ कुंचल्यानें नळ्या झाडाव्या. कित्येक यंत्रांत नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. तेथें बाजू मोकळ्या ठेवाव्या.

उपसलेलें पाणी पुन्हा विहिरींत झिरपूं नये, याचीहि काळजी हवी. दारांत कागद धरून दार लावावें. कागद सहज निसटला, तर रबरी पट्टी सैल झाली असें समजावें. ती साबणाच्या कोमट पाण्यानें पुसून कोरडी करावी. तरीहि सैलच राहिली, तर बदलावी. पावसाळ्यांत प्रत्येक वेळीं दार उघडतांच दमट हवा आंत शिरते व तिचें हिम होतें. साध्या यंत्रांत हा थर पाव इंच झाला, कीं यंत्र बंद करून तो वितळूं द्यावा. सुरीनें मात्र कधींहि खरवडूं नये. नळीस भोंक पडल्यास वायु निघून जातो. आणि हल्लींच्या पुष्कळ यंत्रांत तो आयसोब्युटेन, म्हणजे ज्वालाग्राही असतो.

आंतील भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसावा. पदार्थ झांकून ठेवावे. मात्र शिजविलेलें अन्न निववितांना दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहूं देऊं नये.

विजेची बचत हा यांतील गौण लाभ होय. दिवा लागतो, यंत्र गुणगुणतें, म्हणून आंत पुरेसें थंड आहेच असें नाहीं. आणि रोग उत्पन्न करणारे जंतु अन्नाचा वास किंवा चव बदलतीलच, असेंहि नाहीं. पेलाभर पाण्यांत तापमापक रात्रभर कपाटांत ठेवावा व सकाळीं पाहावा. पारा ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखालीं असावा. घरांतील मुलांच्या तोंडीं जाणाऱ्या दुधाची शाश्वती नाकावर न सोडतां त्या आंकड्यावर सोंपवावी, हीच विनंति.