आजोबांच्या पद्मिनीचा ब्रेक

आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीचं ब्रेक पेडल दाबलं की थेट खाली जायचं. मास्टर सिलिंडरची रबरं गेली होती. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर आमचा दुकानदार किट ठेवायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सी संपल्या, त्याने माल आणणंच सोडलं. तीन रविवार कुर्ल्यात घातले. शेवटी सीलबंद ओरिजिनल किट मिळालं, मी जाम खूश! मिस्त्री म्हणाले, "अरे, वीस वर्षं पडलेलं रबर कडक होतं. घाटात काय करशील?" मग पार्ट नंबर सोडला, व्हर्नियरने बोअर मोजला (बीटेक एकदाचं कामी आलं) आणि त्याच मापाची, ब्रेक ऑइलला चालणारी नवी रबरं आणली. आजोबा आता शेजारी बसतात. पाय मात्र ब्रेक दाबल्यासारखा हलतोच.