मालक नसलेल्या आईचे पाळणाघर

५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, असे २०१७ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील दुरुस्तीने ठरविले; २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच अट आहे. परंतु अलिबागच्या कोळीवाड्यातील मासळी विकणाऱ्या स्त्रीला मालकच नाही. तिने हा हक्क कोणाकडे मागावा? अंगणवाडी काही तासांतच सुटते. अंगणवाडीला पाळणाघर जोडणारी ‘पालना’ योजना २०२२ साली आली. खाजगी पाळणाघरांना अनुदान द्यावे, ही मागणीही रास्तच. मात्र सांभाळणाऱ्या बाईला तुटपुंजे मानधन देऊन शुल्क उतरविले, तर एका आईचा भार दुसरीच्या माथी बसतो. म्हणून सेविकेला किमान वेतन ही अनुदानाची पहिली अट असावी. आणि पाळणाघर मासळीबाजाराच्या वेळेला उघडावे.