खाजनाची राखण: स्वागताध्यक्षीय भाषण

मांडवी आणि झुवारी यांच्या खाडीकाठी, भरतीच्या पातळीहूनही सखल असलेली जमीन गोव्यातल्या गावांनी शेकडो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणली. ती खाजने. चिखल, पेंढा आणि चिरे यांचे बांध नदीचे खारे पाणी थोपवतात. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाण्याच्या झडपेची, लाकडी दारे भरतीच्या रेट्याने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाने मातीतला खार धुतला की कोरगुट भात पिकतो; खार सोसण्याचा गुण त्याच्यात उपजतच आहे. भरतीच्या पाण्याबरोबर मासे आणि कोळंबी आत शिरतात, ओहोटीला मानशीवरच्या जाळ्यात सापडतात.

या रचनेचा खरा आधार गावकरी ही संस्था होती. पोर्तुगीज अमदानीत ती कोमुनिदाद झाली. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव तीच करी आणि बांधांची डागडुजीही तीच पाही. मासळीचे उत्पन्न आणि बांधाचा खर्च एकाच हाती राहिल्याने खाजन टिकले. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमिनीवर हक्क दिला. हा न्याय आवश्यकच होता. मात्र बांधांची जबाबदारी पुढे कूळ संघांकडे गेली आणि जुनी घडी विस्कटली. अधिक मासळीसाठी मानस भरतीतही उघडी ठेवली जाऊ लागली. पाण्याच्या जादा ओढीने बांध पोखरतो, खार शेतात पसरतो, शेत पडीक राहते. पडीकात खारफुटी वाढली की ती कायद्याने संरक्षित असल्याने पुन्हा भात लावणे दुरापास्त होते. बांधाबाहेर मात्र हीच खारफुटी लाटांचा मार झेलून बांध वाचवते. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला जपू पाहतो, शेतकऱ्याला ती अडचण वाटते, आणि आपापल्या जागी दोघेही बरोबर असतात.

एकट्या शास्त्राला हा गुंता सुटणारा नाही. मानस केव्हा उघडावी हे जलशास्त्र सांगेल. त्या वेळा लिलावाच्या करारात बांधून घेणे कायदेतज्ज्ञाचे काम. रात्रीच्या भरतीला दार खरोखर बंद आहे का, हे गावालाच पाहावे लागेल. म्हणून या परिषदेत संशोधकांच्या बरोबरीने शेतकरी, मासेमार, कोमुनिदादी आणि कूळ संघ यांचे प्रतिनिधी वक्ते म्हणून निमंत्रित आहेत. स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. पहिले सत्र मानशीच्या लिलावाच्या करारावर आहे आणि त्याची सुरुवात शेतकरी व मासेमार करतील.