गुंगीतील माणसाची संमती

हैदराबादच्या कोठी भागाला हे नाव ब्रिटिश रेसिडेंटाच्या भव्य कोठीवरून पडले. याच रेसिडेन्सीच्या एका सर्जनाने एकेकाळी जगभरच्या वैद्यांत मोठा वाद पेटविला होता, हे श्रोत्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

एडवर्ड लॉरी हे त्यांचे नाव. हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुखही तेच. क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो श्वास थांबून, हृदय थांबून नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीकडे न पाहता केवळ श्वासावर लक्ष ठेवावे, असा त्यांचा दंडक असे. १८८८ साली नेमलेल्या आयोगाने हे मत उचलून धरले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ला मात्र ते पटेना. तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी १,००० पौंड देऊ करून त्या पत्राचाच तज्ज्ञ बोलाविला. १८८९ साली लॉडर ब्रंटन आले, शेकडो मुक्या प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि ब्रंटनही लॉरींच्या बाजूला गेले. लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देत. भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

श्वासाकडे लक्ष द्या, हा उपदेश मोलाचा होता. पण खात्री अपुरी ठरली. १९११ साली लेव्ही या संशोधकाने दाखविले की, हलक्या गुंगीतही हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येतो. विद्वानांचा हा सारा वाद रोग्याच्या जिवाचा होता. रोग्याला मात्र त्यात मत नव्हते.

ते मत कायद्याने मानले जायला फार काळ लागला. १९९५ साली दिल्लीत एका चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित स्त्रीला केवळ तपासणीसाठी भूल दिली गेली. ती गुंगीत असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला: तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. जिवावरचा प्रसंग नसेल, तर सज्ञान माणूस शुद्धीवर येईतो थांबले पाहिजे. त्याच्या वतीने आईही होकार देऊ शकत नाही. उपचार कोणता, त्यातील मोठे धोके कोणते, दुसरा मार्ग आहे काय, उपचार नाकारला तर काय होईल, हे रोग्याला आधी सांगितलेच पाहिजे. डॉक्टरांची फी नाकारून न्यायालयाने पंचवीस हजार रुपये भरपाई दिली. गेलेल्या अवयवांपुढे ती रक्कम किती तोकडी!

कोठीच्या रस्त्यावर तेलुगू, उर्दू आणि मराठी एकदमच कानी पडतात. शस्त्रक्रियेपूर्वी पुढे येणारा कागद इंग्रजीत असेल, आणि परिचारिका घाईने ‘इथे अंगठा उठवा’ एवढेच म्हणाली, तर त्या म्हातारीने नेमके कशाला हो म्हटले?