खोली पाहताना

(शिवाजी पेठ, कोल्हापूर येथे विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंतांचा सत्कार झाला की पाहुण्याने अभ्यास कसा करावा यावर बोलायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. मी त्यावर बोलणार नाही. अभ्यासाला बसायचे कुठे, यावर बोलणार आहे. कॉलेज कोणते, शाखा कोणती, याचा आपण दहा वेळा विचार करतो. राहण्याचा प्रश्न मात्र "बघू, गावचा कोणीतरी असेल त्याच्या खोलीवर," असे म्हणून सोडून देतो. चंदगड, आजरा, गगनबावड्याकडून आलेला हुशार मुलगा पहिल्या वर्षीच परत जातो, तेव्हा दरवेळी गणित अवघड गेलेले नसते. मुलींच्या बाबतीत तर खात्रीची जागा मिळाली नाही की वडील सरळ म्हणतात, "राहू दे कॉलेज."

ही गोष्ट राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. 1896 साली महाराजांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले; त्यात भरणा ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच राहिला. तेव्हा 1901 पासून मराठा, जैन, पुढे मुस्लिम, लिंगायत अशी एकेक बोर्डिंगे उभी राहिली आणि 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. आपल्या पेठेतले न्यू कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे नाव आजही 'प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस' असे आहे. आधी मुलांना राहायला जागा, मग कॉलेज, असा तो क्रम आहे.

त्या काळी जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत ये, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंग सुटले, असे त्याचे चरित्रकार लिहितात. याच कर्मवीरांनी 1924 साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले.

आता आपल्या बाबासाहेबांकडे येऊ. 1913 साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तुमच्यासारखाच प्रश्न त्यांच्यापुढे होता, राहायचे कुठे. प्रथम ते हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण मानवेना. आठवड्याभरात ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथे काही भारतीय विद्यार्थी होते. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते स्थिर झाले. म्हणजे बाबासाहेबांनाही पहिली खोली मानवली नव्हती! पण खोलीतला जोडीदार असा मिळाला की ती मैत्री जन्मभर टिकली. 1920 साली अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी त्यांना पुन्हा लंडनला जायचे होते. त्या वेळी शाहू महाराजांनी मदत केली आणि भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले.

याच माणसाला स्वदेशात, 1917 साली बडोद्यात, नोकरीच्या गावी खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळले. बागेत दिवस काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आज लाठ्या घेऊन कोणी येत नाही. पण "आडनाव काय?" हा प्रश्न येतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर "गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला?" आणि शेवटी "खाण्यापिण्याचं कसं?" ज्या शहरात रविवारी घरोघरी तांबडा-पांढरा रस्सा शिजतो, तिथे हा प्रश्न आहाराचा नसतो एवढे आपल्याला कळते. सगळेच घरमालक असे नाहीत. मुलांना पोटच्या पोरासारखे सांभाळणाऱ्या मावशी याच पेठेत आहेत. पण काही मुले खोटे आडनाव सांगून खोली घेतात. त्यांना मी दोष देत नाही, मात्र माझा सल्ला वेगळा आहे. खरे आडनाव सांगा आणि पहिल्या दिवशीच नकार घ्या. परीक्षेच्या तोंडावर सामान बाहेर येण्यापेक्षा तो परवडतो.

खोली पाहायला दुपारी एकटे जाऊ नका. सकाळी जा, नळाला पाणी किती वेळ येते ते दिसते. आधी राहून गेलेल्या मुलांना विचारा. डिपॉझिट दिले तर चिठ्ठीवर सही घ्या. मेस चालकाला रविवारी संध्याकाळचे काय, ते आधीच विचारा. आणि 2019 व 2021 च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आले होते, हे विचारायला लाजू नका. दुधाळी, शाहूपुरीच्या सखल भागात तळमजल्यावरच्या स्वस्त खोलीचे कारण तिथे सापडेल. भाडे कमी म्हणून पेठेत राहून विद्यापीठात जाणाऱ्याने केएमटीचा रोजचा खर्च आणि वेळही हिशोबात धरावा. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे आहे.

पण खोली पाहण्याच्या आधी करायचे काम वेगळेच आहे. समाज कल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज मुदतीत भरा. राहणे, जेवण मोफत, वर निर्वाह भत्ता. जागा थोड्या असतात, नंबर गुणवत्तेवर लागतो, हे खरे. "आपला कुठला नंबर लागतोय" म्हणून अर्जच न भरणारे पुष्कळ. त्यांचे नुकसान दुहेरी होते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या, बाहेरगावच्या विद्यार्थ्याला भोजन, निवास यासाठी रक्कम थेट त्याच्या बँक खात्यात जमा होते. ती हप्त्याने आणि बहुधा उशिरा येते. घरमालक तोवर थांबत नाही, म्हणून पहिल्या तीन महिन्यांची तजवीज घरून करावी लागते. विद्यापीठात शिकणाऱ्यांनी 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशीही जरूर करावी.

आणि एक. गावची चारही मुले एकाच खोलीत कोंबून राहू नका. भाडे वाचते, पण बोलणे गावचेच राहते. एक तरी जोडीदार परक्या तालुक्याचा, परक्या शाखेचा घ्या.

अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या समाज कल्याण कार्यालयात विचारून घ्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, गुणपत्रिका, आधार आणि बँक पासबुक यांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवा. ज्यांचे दाखले अपुरे असतील त्यांनी चहा झाल्यावर थांबावे. कार्यकर्ते नावे लिहून घेणार आहेत.